वर्गणी, वाटा आणि हक्क : 'आम्ही जास्त देतो' या भाषेचा फेरविचार

उत्तर नागपुरातल्या एका विहारात दर रविवारी आमचा अभ्यासवर्ग भरतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, कॉलेजात शिकणारी, नुकतीच नोकरीला लागलेली अशी पंचवीस-तीस मुले-मुली येतात. मागे एका रविवारी विषय होता भारतीय संघराज्य. चर्चा सुरू होताच एका तरुणाने मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवला. महाराष्ट्र केंद्राला सर्वात जास्त कर देतो, बदल्यात रुपयामागे मोजके पैसे परत येतात आणि बिहार-उत्तर प्रदेश आपल्या पैशावर जगतात, असा त्याचा सूर होता. टाळ्या पडल्या. लगेच दुसरा उठला, "दादा, मग विदर्भाचं काय? कोळसा आपला, वीज आपली, अन् पैसा जाते मुंबई-पुण्याले." पुन्हा टाळ्या.

आम्ही एवढेच विचारले, "हीच भाषा तुमच्याविषयी कोण बोलतं?"

वर्ग शांत झाला. मग मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "होस्टेलवर माझी रूममेट बोलते. म्हणते, आमचे पप्पा टॅक्स भरतात आणि तुम्ही त्याच्यावर स्कॉलरशिप घेता."

आमच्या मते त्या दिवशीचा खरा धडा त्या मुलीने शिकवला. राज्य म्हणते, आम्ही जास्त देतो. मुंबई म्हणते, आम्ही जास्त देतो. सवर्ण मध्यमवर्ग म्हणतो, आम्ही जास्त देतो. बोलणारा बदलतो, भाषा तीच राहते. या भाषेला टाळ्या वाजवताना आपण कोणत्या बाकावर बसलो आहोत, याचा विचार आंबेडकरी तरुणाने करायला हवा. म्हणूनच हा लेख.

सामाईक तिजोरीत कोणी किती भरायचे आणि कोणी किती घ्यायचे, हा प्रश्न आजचा नाही. या प्रश्नाचा देशातील सर्वात मूलभूत अभ्यास ज्यांनी केला, त्यांचा फोटो आपल्या घराघरात आहे. मात्र त्यांचे ते पुस्तक घराघरात नाही. बाबासाहेबांचा 'ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताची उत्क्रांती' हा ग्रंथ १९२५ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि बाबासाहेबांनी तो सयाजीराव महाराज गायकवाडांना अर्पण केला. आपण बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणतो, ते योग्यच आहे. पण घटना लिहिण्याच्या पंचवीस वर्षे आधी ते केंद्र आणि प्रांत यांच्यातील पैशाचा हिशेब तपासत होते, हे आपण विसरतो.

१८३३ नंतर सगळी आर्थिक सत्ता कलकत्त्याच्या केंद्र सरकारच्या हाती एकवटली. प्रांतांनी कर गोळा करायचा आणि खर्चासाठी वरती हात पसरायचा. जो जास्त ओरडेल त्याला जास्त मिळे. १८७१ पासून प्रांतांना ठराविक रक्कम नेमून देण्याची पद्धत आली. पुढे काही करांचे उत्पन्न नेमून देण्याची आणि त्यानंतर काही कर वाटून घेण्याची पद्धत आली. बाबासाहेबांनी हे टप्पे एकेक करून उलगडले. १९१९ च्या सुधारणा कायद्याने केंद्राचे आणि प्रांतांचे उत्पन्न वेगळे झाले. जमीन महसूल प्रांतांकडे गेला, प्राप्तिकर केंद्राकडे आला. केंद्राच्या अंदाजपत्रकात तूट पडली आणि ती भरून काढण्यासाठी प्रांतांनी वार्षिक अंशदान द्यावे असे ठरले.

ते अंशदान किती असावे, हे ठरवायला लॉर्ड मेस्टन यांच्या अध्यक्षतेखाली १९२० साली समिती बसली. एकूण ९८३ लाख रुपये उभे करायचे होते. त्यातले मद्रासने ३४८ लाख द्यायचे, संयुक्त प्रांताने २४० लाख, पंजाबने १७५ लाख. ब्रह्मदेश ६४ लाख, बंगाल ६३ लाख, मुंबई ५६ लाख, आसाम १५ लाख. ज्याची राजधानी आपले नागपूर होते त्या मध्य प्रांत-वऱ्हाडाने २२ लाख. बिहार-ओरिसाने काहीच नाही.

आता हे आकडे नीट पाहा. कारखाने आणि बंदर असलेल्या मुंबईने ५६ लाख आणि शेतीवर जगणाऱ्या मद्रासने ३४८ लाख, हे कसे? कारण समितीने सुरुवातीचे अंशदान प्रांताच्या ऐपतीवर मोजलेच नाही. नव्या वाटणीमुळे कोणत्या प्रांताच्या हाती किती जादा उत्पन्न आले, यावर मोजले. जमीन महसूल मोठा असलेल्या प्रांतांचा फायदा मोठा दिसला, म्हणून त्यांच्यावर भार मोठा आला. ऐपतीनुसार ठरवलेले प्रमाण सात वर्षांत हळूहळू लागू करायचे होते. त्या हिशेबात मद्रासचा वाटा १७ टक्के होता. सुरुवातीला मात्र त्याच्यावर ३५ टक्क्यांहून जास्त भार पडला. मद्रास ओरडले, संयुक्त प्रांत ओरडला. तिकडे प्राप्तिकर हातचा गेला म्हणून मुंबई आणि बंगालही ओरडले. दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच हे अंशदान बंद करावे लागले.

यातून आपण एक गोष्ट शिकायची. 'कोण किती देतो' हा आकडा आकाशातून पडत नाही. मोजपट्टी कोण धरतो, त्यावर तो ठरतो. मोजपट्टी बदलली की दाता याचक होतो आणि याचक दाता होतो.

अलीकडची मोजपट्टी पाहू. घटनेच्या कलम २८० नुसार दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमला जातो. पंधराव्या आयोगाने केंद्राच्या विभाज्य करांतील ४१ टक्के राज्यांना दिले. त्या रकमेत महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के, उत्तर प्रदेशाचा १७.९३९ आणि बिहारचा १०.०५८ टक्के. मोबाइलवरचा संताप याच आकड्यांवर पोसलेला असतो. हा वाटा ठरवताना सर्वात जास्त भार, म्हणजे ४५ टक्के, दरडोई उत्पन्नाच्या अंतराला होता. जे राज्य गरीब त्याला जास्त. लोकसंख्येला १५ टक्के, क्षेत्रफळाला १५, लोकसंख्या नियंत्रणाच्या कामगिरीला १२.५, वनांना १० आणि कर गोळा करण्याच्या प्रयत्नाला २.५ टक्के. 'तुम्ही किती भरले' असा निकष यात नव्हता.

पूर्वी तो होता. पहिल्या वित्त आयोगाने प्राप्तिकराची वाटणी करताना ८० टक्के लोकसंख्येवर आणि २० टक्के वसुलीवर दिले. वसुलीचा हा निकष पुढच्या आयोगांनी कधी १०, कधी २० टक्के ठेवला आणि शेवटी तो सोडून दिला. का सोडला? कारण कर जिथे जमा होतो तिथेच तो निर्माण होतो, हे खरे नाही. कंपनीचे मुख्यालय नरिमन पॉइंटला असते, म्हणून तिचा कर मुंबईत जमा झालेला दिसतो. तिचा माल गडचिरोलीच्या आठवडी बाजारात विकला जातो, तिला लागणारी वीज चंद्रपुरात तयार होते, तिच्या कारखान्यात राबणारा मजूर गोंदियाचा किंवा दरभंग्याचा असतो. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचे आहे. धूर चंद्रपूरच्या वस्त्यांवर पडतो, दिवे राज्यभर लागतात आणि कंपन्यांच्या कराची नोंद मुंबईच्या पत्त्यावर होते. मग 'योगदान' कोणाचे म्हणायचे?

जो तरुण विदर्भाच्या कोळशाविषयी बोलला, त्याचे दुखणे म्हणूनच खरे आहे. पण त्याने लक्षात घ्यावे की त्याचा युक्तिवाद पहिल्या तरुणाच्या युक्तिवादाच्या विरुद्ध जातो. दोघांसाठी एकत्र टाळ्या वाजवता येत नाहीत. दिल्लीत 'जो जास्त भरतो त्याला जास्त द्या' म्हणायचे आणि मुंबईत 'जो मागे आहे त्याला जास्त द्या' म्हणायचे, हा दुतोंडीपणा झाला. मुंबईचा अर्थमंत्री मग आपल्याला सहज विचारेल, विदर्भ राज्याच्या तिजोरीत किती भरतो ते आधी सांगा.

विदर्भाची मागणी मुळापासून गरजेवर उभी आहे. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. संयुक्त राज्यात विकासाचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जाईल, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष दिले जाईल आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जाईल, असे त्यात लिहिले होते. महसुलाच्या प्रमाणात वाटला जाईल असे लिहिले नव्हते. १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१(२) आले. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे नेमण्याची आणि निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकण्याची तरतूद त्यात आहे. शब्द 'न्याय्य' आहे, 'समान' नाही. ज्याची दरी खोल, त्याला जास्त माती लागणार, हा त्याचा सरळ अर्थ.

करार पाळला गेला का? प्रा. वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली हिशेब मांडला. राज्याच्या सरासरीपेक्षा जो जिल्हा ज्या क्षेत्रात मागे, तेवढा त्याचा अनुशेष. राज्याचा एकूण अनुशेष ३१८६.७८ कोटी निघाला. त्यात विदर्भाचा १२४६.५५ कोटी, म्हणजे ३९ टक्के. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ ची स्थिती धरून पुन्हा मोजले, तेव्हा एकूण १४,००६.७७ कोटींपैकी विदर्भाचा अनुशेष ६६२४.०२ कोटी होता. म्हणजे ४७ टक्के. पद्धती आणि किमती बदलल्या हे मान्य. पण दरी बुजली नाही, एवढे तरी यातून दिसते. १९५६ ची घटनात्मक तरतूद प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडले. त्या वर्षी स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ती संपली तेव्हा देश टाळेबंदीत होता आणि आपण गप्प होतो.

इथे कुणी विचारेल, ज्या राज्याने मेहनत केली, उद्योग आणले, लोकसंख्या आवरली, त्याला त्याचे फळ नको का? प्रश्न रास्त आहे. त्यातला रास्त भाग आम्ही मान्य करतो. केंद्र सरकार उपकर आणि अधिभार लावते. कलम २७० नुसार हा पैसा राज्यांसोबत वाटून घ्यावा लागत नाही. जितका कर या नावाखाली गोळा होईल, तितकी राज्यांची सामाईक थाळी लहान होते. ७ फेब्रुवारी २०२४ ला कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी आपल्या मंत्रिमंडळासह जंतरमंतरवर धरणे दिले, त्यामागे हेही एक कारण होते. ही तक्रार बिहारविरुद्ध नाही, केंद्राविरुद्ध आहे, आणि ती बिहारचीही तक्रार असायला हवी. थाळी लहान का झाली हे न विचारता शेजाऱ्याच्या ताटात किती पडले हे मोजत बसणे, यात फायदा वाढणाऱ्याचा होतो.

जगातही हेच दिसते. युरोपीय देशांच्या सामाईक अंदाजपत्रकात आपण भरतो जास्त आणि आपल्याला मिळते कमी, अशी तक्रार ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी लावून धरली. १९८४ मध्ये फाँतेनब्लोच्या बैठकीत त्यांनी कायमची सूट मिळवली. सूट मिळाल्यावर समाधान झाले का? नाही. 'आम्ही भरतो' ही भावना पिढीभर पोसली गेली. २०१६ च्या सार्वमतात आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात असा मजकूर बसवर रंगवून ती फिरवण्यात आली. त्या आकड्यात ती सूट वजाच केलेली नव्हती. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला. फक्त देण्याघेण्याच्या वहीवर उभे असलेले नाते वही मिटली की संपते. बाबासाहेबांनी ज्या बंधुतेला घटनेच्या उद्देशिकेत जागा दिली, ती वहीच्या पलीकडची गोष्ट आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. समजा, दिल्लीने महाराष्ट्राला न्याय दिला. समजा, मुंबईने विदर्भाला न्याय दिला. तो पैसा आपल्या वस्तीपर्यंत येईल का?

अनुशेष मोजताना सिंचन, रस्ते, ग्रामविद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी क्षेत्रे धरली गेली. जात धरली गेली नाही. जिल्ह्याची सरासरी काढली गेली. त्या सरासरीत गावचा मालगुजारी वाडाही आला आणि गावाबाहेरचा बौद्धवाडाही आला. सिंचनाचा अनुशेष भरला तर पाणी कोणाच्या शेतात जाणार? ज्याच्याकडे शेत आहे त्याच्या. भूमिहीन मजुराच्या वाट्याला कालवा खोदण्याची रोजी येते. तीही आता यंत्र घेऊन गेले. गोसीखुर्दचे उदाहरण घ्या. १९८८ मध्ये पायाभरणी झाली तेव्हा खर्च ३७२ कोटी धरला होता. पुढे तो १८ हजार कोटींच्या पलीकडे गेला. विदर्भाच्या अनुशेषाच्या नावाने आलेल्या पैशात कंत्राटदारांची एक नवी जमात जन्माला आली. ती विदर्भाचीच आहे आणि व्यासपीठावर विदर्भावरील अन्यायाविषयी सर्वात मोठ्याने तीच बोलते.

१९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिताना बाबासाहेबांनी महाराष्ट्राचे चार भाग सुचवले होते. मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. पूर्व महाराष्ट्र म्हणजे आपला विदर्भ. विदर्भवादी नेते हा दाखला आवडीने देतात. पण त्याच लेखनात त्यांनी जी भीती मांडली, ती हे नेते सांगत नाहीत. प्रदेशात जी जात संख्येने आणि जमिनीने मोठी, तिच्या हाती सत्ता जाईल आणि विखुरलेल्या लहान जातींना दाद मागायला जागा उरणार नाही, ही ती भीती. प्रदेशाला न्याय मिळाला म्हणजे प्रदेशातल्या शेवटच्या माणसाला न्याय मिळाला, असे बाबासाहेबांनी कधीही गृहीत धरले नाही.

म्हणूनच अनुसूचित जातींसाठी स्वतंत्र उपयोजना लागली. विशेष घटक योजना १९७९-८० पासून सुरू झाली. लोकसंख्येच्या प्रमाणात तरतूद करायची, तो पैसा दुसरीकडे वळवायचा नाही आणि तो व्यपगत होऊ द्यायचा नाही, हे तिचे तत्त्व. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जाती ११.८ टक्के आहेत. नागपूर जिल्ह्यात हे प्रमाण १८ टक्क्यांहून जास्त आहे. कागदावर तरतूद होते. नंतर काय होते ते २०२५ मध्ये सर्वांनी पाहिले. सामाजिक न्याय विभागाचा आणि आदिवासी विकास विभागाचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवला गेला, तेव्हा खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. मंत्र्यालाच जिथे आपल्या खात्याचा पैसा राखता येत नाही, तिथे वस्तीतल्या माणसाने काय राखावे? बहिणींना पैसे मिळू नयेत असे आम्ही म्हणत नाही. आपल्या माय-बहिणीही त्यात आहेत. पण एका वंचिताच्या ताटातून काढून दुसऱ्याच्या ताटात घालायचे आणि दानशूर म्हणून मिरवायचे, हा कोणता न्याय?

जिल्ह्यातल्या एका गावाचा आमचा अनुभव सांगतो. बौद्ध वस्तीत शिरताना कमान दिसते. कमानीमागे सिमेंटचा रस्ता आहे. तो काही वर्षांत दोनदा झाला. नाली मात्र नाही. पावसाळ्यात प्रत्येक वेळी उंच झालेल्या रस्त्यावरचे पाणी घरात शिरते. वस्ती विकासाच्या निधीतून नाली का झाली नाही, म्हणून आम्ही तिथल्या तरुणांसोबत माहिती अधिकारात अर्ज केला. पहिल्या अर्जाला उत्तर आले नाही. अपिलानंतर कागद मिळाले. वस्तीच्या नावावर मंजूर झालेला एक रस्ता वस्तीला लागतच नव्हता. तो गावातल्या मोठ्या घरांसमोरून जात होता. नोंदीत लाभार्थी म्हणून मात्र आपलीच लोकसंख्या लिहिलेली होती. आपले डोके मोजले गेले, पैसा दुसऱ्याच्या दारात उतरला. दिल्ली आणि मुंबईच्या वाटणीवर तावातावाने बोलणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांनी आपल्या वस्तीचा असा हिशेब मागितला आहे?

आता त्या होस्टेलमधल्या प्रश्नाचे उत्तर देऊ. 'आमचे पप्पा टॅक्स भरतात.' प्राप्तिकर भरणारे देशात थोडे आहेत, पण कर भरत नाही असा माणूस या देशात नाही. शेतमजुराने मोबाइलचा रिचार्ज मारला की १८ टक्के जीएसटी जातो. त्याच रिचार्जवर कारखानदारही तेवढाच देतो. एकाच्या रोजीतून जातो, दुसऱ्याला कळतही नाही. बाबासाहेब मुंबई विधिमंडळात गेल्यावर १९२७ च्या अर्थसंकल्पावर बोलताना याच विषमतेवर बोलले होते. प्राप्तिकराला किमान उत्पन्नाची सूट आहे, पण लहान शेतकऱ्याला पीक येवो न येवो, जमीन महसूल भरावाच लागतो. ऐपत नसलेल्याकडून वसुली आणि ऐपतवाल्याला सवलत, ही करव्यवस्थाच अन्यायाची आहे, हे त्यांचे म्हणणे होते. आणि पैशाच्याही पलीकडे जाऊ. शतकानुशतके गावाची मेलेली गुरे ओढली, वेठबिगारी केली, गावाचे मैले उचलले. हे योगदान कोणत्या वहीत लिहिले आहे? त्याची वसुली कोणत्या वित्त आयोगाकडे मागायची?

स्कॉलरशिप हे कोणाच्या पप्पांनी केलेले दान नाही. ती थकलेल्या हिशेबाची एक छोटी किस्त आहे.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. भरायचे ऐपतीनुसार आणि वाटायचे अनुशेषानुसार. हे तत्त्व दिल्लीत, मुंबईत, नागपुरात आणि गावात एकच असले पाहिजे. मग मागण्याही स्पष्ट होतात.

१. अनुसूचित जाती आणि जमातींच्या उपयोजनांना महाराष्ट्रात कायद्याचे संरक्षण द्या. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये, तेलंगणाने २०१७ मध्ये असे कायदे केले. त्या कायद्यांतल्या पळवाटाही अभ्यासा आणि त्या बुजवून कायदा मागा.

२. विकास मंडळे पुन्हा नेमा. त्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या अभ्यासू प्रतिनिधींना जागा द्या. निवृत्त राजकारण्यांची सोय लावण्यासाठी मंडळे नकोत.

३. अनुशेष जिल्ह्याच्या सरासरीवर न मोजता तालुका आणि वस्ती पातळीवर मोजा. नागपूर शहराच्या उड्डाणपुलांनी गडचिरोलीच्या आदिवासी पाड्याचा अनुशेष भरत नाही. उत्तर नागपूरच्या झोपडपट्टीचाही भरत नाही.

४. केंद्राचे उपकर आणि अधिभार वाटणीच्या कक्षेत आणा. या मागणीवर बिहारच्या आणि उत्तर प्रदेशच्या आंबेडकरी कार्यकर्त्यांशी हातमिळवणी करा. ते आपले भाऊ आहेत, वाटेकरी शत्रू नाहीत.

५. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात मिळणारा प्रत्येक रुपया त्या मोजणीवर अवलंबून राहील. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात अनुसूचित जातीची योग्य नोंद झाली की नाही, हे घरोघरी जाऊन पाहा. हे काम जयंतीच्या डीजेपेक्षा मोठे आहे.

जयंतीवरून आठवले. आपल्या प्रत्येक वस्तीत १४ एप्रिलची वर्गणी निघते. ऑटो चालवणारा पन्नास रुपये देतो, बँकेतला अधिकारी पाच हजार देतो, धुणीभांडी करणारी आई पदराची गाठ सोडून वीस रुपये देते. भोजनदानाच्या पंगतीत कोणी पावती पाहून वाढते का? अधिकाऱ्याच्या मुलाला दोन वाढपे जास्त आणि त्या आईच्या मुलाला कमी, असे कोणी केले तर वस्ती ते सहन करील का? अर्थशास्त्राचा जो नियम आपल्या वस्तीला न शिकवता कळतो, तो देशाच्या अंदाजपत्रकालाही लागू आहे. आणि हेही खरे आहे की आपल्यातही काही जण पाच हजारांच्या पावतीवर स्टेजवरची खुर्ची मागतात. 'आम्ही जास्त देतो' हा रोग फक्त मुंबईत किंवा सवर्णांच्या घरात नाही. तो आपल्या विहाराच्या दारातही उभा आहे. त्याला तिथेच ओळखले पाहिजे.

पुढच्या रविवारी ती मुलगी लवकर आली. रूममेटला काय उत्तर दिले, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "तिला म्हटलं, तुझे पप्पा भरतात, माझी आईही भरते. आता भरलेल्याचं काय होतं ते दोघी मिळून विचारू." मोबाइलवरचा मजकूर वाचणारा तरुण त्या दिवशी आपल्या वस्तीच्या निधीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा, हे विचारत होता. वर्गात पाच अर्ज लिहून झाले. सोमवारी ते टपालात पडले. उत्तरे आली की ती इथेच मांडू.

जय भीम! जय संविधान!